अक्कांच्या बारा नाड्या

अक्का गेल्याची बातमी ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली आणि तिच्याखाली सगळ्यात आधी हात जोडले ते आमच्या सरांनी. मग तेच जोडलेले हात पंचवीसेक जणांनी खाली चिकटवले. मी फोन पालथा ठेवला. पाच आठवडे झाले, माझा राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

वसुधाअक्का बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या. घरात मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या कन्नडात मुरलेली. मी पुण्याहून आलेली समुपदेशक, त्या आमच्या संशोधनातल्या संख्याशास्त्रज्ञ. प्रश्न साधा होता. नैराश्य आलेल्या बायकांना आठ-आठच्या गटात बसवून उपचार केले, तर नुसती आरोग्याची माहिती ऐकणाऱ्या बायकांपेक्षा त्या जास्त सावरतात का? सहा गटांना उपचार, सहांना माहिती, असे बारा गट केले. शेवटी प्रत्येकीकडून प्रश्नावली भरून घेतली. अक्का प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं गटाचा आकडा घालायच्या आणि एकेका गटाचे कागद एकत्र बांधायच्या... तेही परकराच्या नाडीनं! तिथल्या आठव्या क्रॉस रस्त्यावरच्या दुकानातून बारा रंगांच्या नाड्या आणल्या होत्या. मी हसले तर म्हणाल्या, "हस, हस. सुटे कागद भटकतात ग. बांधून ठेवले की कळतं, कोण कोणासोबत बसली होती."

ते का कळायला हवं, हे मला चौथ्या गटानं शिकवलं. हिरव्या नाडीचा तो गट माझा होता. तिसऱ्या बैठकीत एक बाई म्हणाली, "इथं रडून घरचं काय बदलणार?" मी वहीत डोकं घालून बसले. पुढच्या आठवड्यात दोघी गप्प, मग चौघी... शेवटी आठही जणी आल्या होत्या त्याहून खचून घरी गेल्या. शेजारच्या खोलीत मात्र एक बाई धीरानं बोलायला लागली आणि तो अख्खा गट सावरला. अक्कांनी दोन्ही गठ्ठे माझ्यासमोर ठेवले. "स्वल्प थांब, बघ. एकीचं रडू सगळ्यांना लागतं, हसूही लागतं. मग हे आठ वेगळे पुरावे कसे? एका खोलीत घडलेली ही एकच गोष्ट. मोजायच्या तर खोल्या मोजायच्या." बायका सुट्या मोजल्या की आमचा उपचार दणक्यात जिंकत होता. गट मोजले की उत्तर यायचं, अजून खात्रीनं सांगता येत नाही, आणखी गट घ्या.

सरांना 'अजून' परवडणार नव्हतं. व्हाइटफील्डच्या आयटी कंपन्यांमध्ये हा कार्यक्रम न्यायचं ठरून गेलं होतं. मीटिंगमध्ये ते हसत म्हणाले, "अक्का, आप तो गणित लेके बैठ गईं." अक्का हसल्या नाहीत. "चौथा ग्रुप क्यों डूबा, ये कौन देखेगा, सर?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, जिनं उभं राहायला हवं होतं ती मी, म्हणाले, "जैसा आप ठीक समझें, सर." नाड्या सुटल्या की माझा बुडालेला गट शहाण्णव कागदांत मिसळून दिसेनासा होणार होता, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्याच दुपारी नाड्या सुटल्या, कॉम्प्युटरवरचा गटाचा रकाना उडाला. अक्का फक्त "सरी", बरं, एवढंच म्हणाल्या, नाड्या पिशवीत भरल्या आणि बायका सुट्या मोजून निघणाऱ्या शोधनिबंधावर आपलं नाव नको असं सांगून घरी गेल्या. सरांनी त्यांना न विचारता त्यांचे आभार छापले. माझं नाव सरांच्या खालोखाल होतं.

नंतर एकदाच गेले त्यांच्याकडे. कॉफी दिली, निबंधाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी निघताना दारात म्हणाल्या, "ती बाई कुठं आहे ग आता? घरचं काय बदलणार म्हणाली ती?" मला माहीत नव्हतं. मी कधी चौकशीच केली नव्हती. अक्का, मला तुमचाही राग येतो. भांडला का नाहीत? मला चार शिव्या का नाही घातल्या?

शोकसभेत सर म्हणाले, अक्कांच्या काटेकोरपणामुळेच आमचे निष्कर्ष भक्कम ठरले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि तरीही मी बसूनच राहिले. बाहेर त्यांच्या भाचीनं एक कापडी पिशवी हातात दिली. "हे तुमच्या ऑफिसचं काहीतरी. अक्का म्हणायची, तुम्ही घेऊन जाल." आत बारा नाड्या होत्या, नीट गुंडाळलेल्या.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातलं प्रश्नावल्यांचं कपाट उघडलं. रकाना उडवणाऱ्यांना पेन्सिलीचे आकडे खोडायचं सुचलं नव्हतं. तीन दिवस बसून कागद लावले, बांधले. निबंध छापणाऱ्या संपादकांना पत्र लिहिलं, काय दडवलं आणि त्यात माझा हात किती, सगळं. त्या बाईचा पत्ता शोधायला घेतलाय. मग पत्राची प्रत आणि गठ्ठे सरांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

"ये क्या है?" त्यांनी विचारलं.

हिरव्या नाडीच्या गाठीवर माझा हात होता. "बारा हैं, सर. छियानवे नहीं, बारा. और ये चौथा मेरा है."