उपासाचा दिवस आणि थायरॉईडची गोळी

थायरॉईड मंद चालतंय असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि गावातली सर्वांत शहाणी बाई होते. आता नातवंडं झालीत, शहाणपण उतरलंय. तेव्हा त्या बाईला हसायला मी मोकळी आहे.

तिचं जिणं सांगते. हिंगणघाटचा मे महिना, रस्त्याचं डांबर पायाला चिकटतंय, नवरा कूलरमध्ये पाणी भरून समोर पसरलेला, आणि ही बाई चादर गुंडाळून म्हणते, "बंद करा तो कूलर, मले थंडी वाजून राह्यली."

"तुयं डोकं तं ठिकाणावर आहे ना?" नवरा विचारायचा.

न्हाणीच्या जाळीत रोज मूठभर केस. सकाळी उठावं तर अंगात कोणी ओला कापूस ठासून भरल्यासारखं. गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे तासभर चहा नाही. सगळं घर बशीतून फुर्रफुर्र चहा पितंय आणि ही घड्याळाकडे बघत बसलेली. एवढं करून वजन वाढतंच आहे.

हेही तिने सोसलं असतं. आवाज बसला, ते मात्र सोसवेना. महिला भजनी मंडळात पहिली ओळ उचलायचा मान तिचा. आणि घसा असा घोगरा झाला की फोनवर लोक म्हणायचे, "काकाजी, जरा काकूले द्या ना." नवरात्रापर्यंत आवाज आला नाही, तर मान शेजारणीकडे जाणार होता. आणि शेजारणीचा सूर म्हणजे सायकलची घंटी.

दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. दर वेळी आकडा चढलेला, दर वेळी गोळी वाढलेली. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाई वैतागल्या.

"काकू, गोळी चुकते का?"

"एकही दिवस नाई, मॅडम." सोबत सासूबाई होत्या, म्हणून आवाज जरा जास्तच बाणेदार. मग हळूच, "उपासाचे दिवस सोडून."

"उपास कधी असतात?"

बाईने बोटं मोजायला घेतली. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही चतुर्थ्या, दोन्ही एकादश्या. वजन उतरावं म्हणून एकेक वाढवत नेले होते. वजन वाढलं की उपास वाढायचा, उपास वाढला की गोळी सुटायची, गोळी सुटली की वजन पुन्हा वर. शिवाय फराळाला शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची उसळ, ताटभर!

"मग तुम्ही गोळी घेता कधी?"

"मधल्या दिवशी," बाई म्हणाली. अगदी गंभीरपणे.

सासूबाई खुर्चीतच वळल्या. "काऊन वं, उपासाले गोळी चालत नाई हे कोणं सांगतलं तुले?"

"तुम्हीच तं पाण्याशिवाय काही घेत नाई, आई."

"त्याच पाण्यासोबत बीपीची गोळी घेतो मी, दर एकादशीले! देव काय पोट उघडून पाह्यते का?"

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट तोंडासमोर धरला. कागद हलत होता.

एक साधा प्रश्न घरात विचारला असता, तर वर्ष वाचलं असतं. पण शहाण्या बाया विचारत नाहीत.

गोळी रोज सुरू झाली, पण आवाज काही लगेच येत नाही. नवरात्र आधी आलं. शेजारीण पुढे बसली आणि आमच्या बाईच्या हातात टाळ आले. "तुम्ही फक्त ठेका धरा, काकू," मंडळातल्या पोरी म्हणाल्या.

धरला की! प्रत्येक भजनाला थोडा थोडा जलद करत नेला. तिसऱ्या भजनात शेजारीण धापा टाकत म्हणाली, "हळू वं बाई, जीव घेतं का?" बाई डोळे मिटून भक्तीत बुडालेली. तिला कुठलं ऐकू येतंय?

शेजारणीने स्वतःच मान परत दिला, बाईचा आवाज अजून अर्धाच आलेला असताना. टाळ मात्र मंडळ आजही माझ्या हातात देत नाही.