प्रश्न सुलोचनेला विचारला होता

सुलोचना मधुकर जगदाळे, तुझ्या डायलिसिससाठी धाराशिवात घेतलेली भाड्याची खोली, तू गेल्यावर, आज मी, तुझ्या नवऱ्याने, रिकामी केली.

मित्रहो, आवराआवर सुरू असताना घरमालकीणबाई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "काकू लई हसवायच्या बघा. म्हणायच्या, 'सुई मला टोचत्यात अन् कसं वाटतंय ते ह्यांना इचारत्यात!'"

मीही हसलो. मग त्या हळूच म्हणाल्या, "काकूंना ईटला घरीच ऱ्हायचं होतं. तुम्हाला ठावं नव्हतं व्हय?"

ठाऊक नव्हते. ईट या आमच्या गावच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टर म्हणाले होते की, मूत्रपिंड निकामी झाले असले तरी या वयात डायलिसिस न करण्याचाही पर्याय आहे. मूत्रपिंडतज्ज्ञांशी बोलून त्रास कमी करणारे उपचार ते घरीच देतील. "काकू, तुम्हाला काय हवं?" असे त्यांनी विचारले होते. नेहमीप्रमाणे उत्तर मीच दिले, "डायलिसिस करायचे." सुलोचनेचे मौन मी होकार मानले.

तुमच्या घरी रुग्णाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोण देते?

निघताना घरमालकीणबाईंनी विचारले, "काकूंचं काही ऱ्हायलं न्हाय ना?" मी दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या त्यांना परत केल्या.