सत्यशीलेच्या नावाची एकवीस गाणी

घाटनांदूरच्या आराधी मेळ्यात विजयमालाबाई आधी मागं उभ्या राहून नुसती झील धरायच्या. देवीची गाणी पुढं उभी राहून म्हणायची ती सत्यशीला. गाणी तिनंच केलेली, आणि रिवाजाप्रमाणे प्रत्येकाच्या शेवटच्या ओळीत करणारीचं नाव, म्हणजे तिचंच. सहा वर्षांपूर्वी ती काविळीनं गेली. आता मेळा मोडला, असंच सगळ्यांनी धरलं होतं.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी विजयमालाबाई भाकरी थापत होत्या आणि पाठीमागून एक ओळ ऐकू आली. आवाज सत्यशीलेचा, आजारपणातला, जरा बसलेला. त्यांनी वळून पाहिलं नाही. ती ओळ स्वतः म्हणून पाहिली तेव्हा ती त्यांच्याच आवाजात निघाली, मग पुढची आली. तव्यावरची भाकरी करपली. शेवटी नाव आलं तेही सत्यशीलेचंच. ते आपण घातलं नाही, असं त्या आजही सांगतात.

अशी सहा वर्षांत एकवीस गाणी झाली. मेळा पुन्हा उभा राहिला. मधल्या काळात कुणीतरी गाणी मोबाइलवर चढवली आणि ती परळी, दिंद्रुडपर्यंत ऐकली जाऊ लागली.

यंदा श्रावणात ती मोबाइलवरून एकाएकी दिसेनाशी झाली. परळीच्या एका चॅनलवाल्यानं त्यांच्यावर हक्क सांगितला होता. पाठोपाठ मेळ्याला नोटीस आली की आमच्या परवानगीशिवाय ही गाणी कुठं म्हणायची नाहीत. त्याच्याकडे कागद होता. सत्यशीलेचा मुलगा अंगद टेम्पो चालवतो. त्यानं आईची सगळी गाणी सही करून देऊन टाकली होती. आईचं नाव गावोगाव जाईल, एवढंच त्याला सांगितलेलं. गाणी विजयमाला मावशीच्या तोंडून ऐकली तरी ती आईचीच, यात त्याला कधी शंका आली नव्हती.

नवरात्र तोंडावर आलं होतं. बायका म्हणाल्या, जाऊ दे, जुनी सगळ्यांची गाणी म्हणू. विजयमालाबाईंना मात्र जेवण जाईना. शेवटी अंगदच त्यांना टेम्पोत घालून अंबाजोगाईला दिलावर वकिलांकडे घेऊन गेला.

वकिलांनी समजावून सांगितलं, की गाण्यात ज्याचं नाव त्याचं ते गाणं, असं कायदा धरून चालतो. सत्यशीलाबाई असताना झालेली गाणी अंगदकडे आली आणि त्यानं ती देऊन टाकली. नंतरची मात्र विजयमालाबाईंची, फक्त ती नंतरची आहेत हे दाखवायला हवं. अंगदनं आईच्या मृत्यूचा दाखला काढून टेबलावर ठेवला. एकवीसमधलं एक गाणं त्याच्या मुलीच्या बारशाचं होतं, मुलीचं नाव घालून केलेलं. ती मुलगी आता चार वर्षांची. वकिलांनी फोनवरच तिचा जन्मदाखलाही आणायला सांगितला होता. दोन्ही कागद त्यांनी शेजारीशेजारी लावले. आजी गेल्यावर दोन वर्षांनी जन्मलेल्या नातीचं गाणं आजीचं असू शकत नव्हतं; बाकीच्या वीसांना मेळ्यातल्या बायकांची साक्ष पुरे होती.

विजयमालाबाईंनी विचारलं, गाणी दोघींनी मिळून केली असं लिहिता येईल का?

"येईल की," वकील हसून म्हणाले. "पण दोघी जिवंत पायजेत. मेल्यावर कुणी गाणी करत नाही, एवढं तर मान्य हाय ना, बाई?"

वकिलांनी लिहून काढलेला कागद विजयमालाबाईंनी पुढं ओढला. मग चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात, एकेक वळण सावकाश काढत, सही केली. कागदावर लिहिलं होतं की सत्यशीला अमुक तारखेला मयत झाली आणि त्यानंतरची एकवीस गाणी एकट्या विजयमालेनं रचली. नवरात्राच्या आत गाणी पुन्हा दिसतील, असं वकील म्हणाले.

परतताना रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. अंगदनं इंजिन बंद केलं. कोळशाची मालगाडी परळीकडे चालली होती, सावकाश.

"मावशी, बारशाचं गाणं कुणी केलं?"

"मीच. आत्ता लिहून दिलं न्हाई का."

"लिहिलेलं राहू द्या तिकडं. आई येती का अजून?"

विजयमालाबाई डबे बघत राहिल्या.

"आज सकाळपतुर येत होती," त्या म्हणाल्या.

गाडी गेली, फाटक उघडलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या तरी अंगदचा हात किल्लीकडे गेला नाही.