टँपाच्या उपनगरातलं एक मत

वासंती कर्णिक दुबईतल्या करामा भागात राहायला आली, त्याआधी बरीच वर्षं ती फ्लोरिडात, टँपा शहराच्या उपनगरात राहिली होती. अमेरिकेची नागरिक झाली होती. मतदार म्हणून नाव नोंदवताना तिने कुठलाच पक्ष लिहिला नव्हता. त्यामुळे शहाण्णवच्या निवडणुकीत दोन्ही पक्षांची माणसं तिच्या दारी आली, सोफ्यावर बसून तिचं म्हणणं ऐकून गेली.

दुबईत भिशीच्या बायकांना ती हे रंगवून सांगायची. "पक्षवाल्यांचं मत ठरलेलंच असतं. आम्ही उपनगरातले मधले लोक जिकडे झुकतो, तिकडे निकाल झुकतो."

सगळ्यांत मन लावून ऐकायची ती रशीदा. खालच्या मजल्यावर राहणारी, मूळची खेडची, शाळेचे युनिफॉर्म शिवायची. नव्व्याण्णव साली सुट्टीत ती गावी होती, तेव्हा निवडणूक आली. हौसेनं मतदानाला गेली, तर यादीतून नावच उडालेलं.

दोन हजार साली अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठीची वासंतीची मतपत्रिका पोस्टाने दुबईत आली. एका उमेदवाराचं शाळांबद्दलचं बोलणं तिला पटे, दुसऱ्याचं औषधांच्या खर्चाबद्दलचं.

"पाठव आता, पोस्टाला वेळ लागतो," तिचा नवरा वासुदेव म्हणाला.

"अजून माझं ठरत नाहीये," ती म्हणायची. खरं तर हे म्हणायलाच तिला आवडायचं. मतदानाचा मंगळवार तसाच गेला.

बुधवारी टीव्हीवर एकच बातमी होती. सगळी निवडणूक फ्लोरिडात अडकली होती, काहीशे मतांवर. भिशीतल्या बायकांचे फोन आले. "वासंतीताई, तुमचंच फ्लोरिडा ना? कुणाला दिलंत?"

"मत गुप्त असतं," ती म्हणाली. वासुदेवने पेपरमधून मान वर केली नाही.

मग तिला कळलं, की परदेशातून आलेली मतं अजून काही दिवस घेणार आहेत. फक्त सही मतदानाच्या दिवसापर्यंतची हवी. शुक्रवारी दुपारी तिने मत दिलं. जो मागे होता त्याला, म्हणजे आपलं मत जास्त जड ठरेल म्हणून. सहीखाली तारीख घातली सोमवारची. साक्षीदार लागत होता. तिने रशीदाला वर बोलावलं.

"तारीख सोमवारचीच लिहू?" रशीदाने विचारलं.

"हो, तीच लिही."

रशीदाने सावकाश सही केली. "हे मोजतील ना, ताई?"

"मोजतील."

"इन्शाल्ला. आपल्यातल्या एकीचं तरी मोजलं जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी वासंती पाकीट घेऊन पोस्टात गेली. रांगेत उभी राहिली, पण खिडकीशी पोहोचल्यावर तिला ते पुढे करवेना. घरी येऊन तिने ते फाडलं आणि तशीच खाली गेली.

रशीदाने मशीन थांबवलं. सगळं ऐकून म्हणाली, "मला वाटलं, तुमच्याकडे तशीच पद्धत असेल."

"नाही गं. मी खोटं लिहिलं आणि तुझ्याकडूनही लिहून घेतलं."

रशीदाने हातातलं कापड बाजूला ठेवलं. "मी सगळ्यांना सांगितलं, ताईंच्या मतावर माझी सही आहे म्हणून. आता काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. मी सांगेन."

पुढच्या भिशीत वासंतीने सांगितलं. मत वेळेत दिलंच नव्हतं, हेही सांगितलं. कुणी तिला बोल लावला नाही. कुणीतरी चहा ओतायला घेतला, कुणी मुलांच्या परीक्षांचं काढलं. रशीदा कोपऱ्यात बसून होती. तिने वर पाहिलं नाही, आणि कुणी बोललं असतं त्यापेक्षा वासंतीला तेच जास्त लागलं.

दोघींचं येणंजाणं तुटलं नाही. रशीदा तिचे ब्लाउज शिवत राहिली, ईदला शेवया पाठवत राहिली. पण अमेरिकेचं तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

चार वर्षांनी मतपत्रिका आली, त्याच आठवड्यात वासंतीने ती भरून पाठवली. दोन्ही उमेदवारांची काही मतं तेव्हाही तिला पटत होती, काही नव्हती. भिशीत विषय निघाला तेव्हा ती उठून रिकामे कप आत ठेवायला गेली.