नंदीबैलाची मान

"अय्यो, नंदीला साधं कुंकवाचं बोट नाही लावलं?" माझ्यामागे एक बाई दुसरीला म्हणाली.

शालूआत्याचं पहिलंवहिलं चित्रप्रदर्शन बघायला मी आदल्या सकाळी पुण्याहून बंगलोरला पोचले होते. बाबा आले नाहीत. पत्ता पुन्हा विचारायची लाज वाटून मी रिक्षातून हेब्बाळ तळ्याच्या भलत्याच काठाला उतरले आणि बॅग सावरत चालत राहिले. पाणकावळे पंख पसरून उन्हात बसले होते. आत्या फाटकात उभी होती. "स्वल्प (जरा) उशीरच केलास की गं," म्हणत तिनं तट्टे इडली (ताटलीएवढी पसरट इडली) पुढ्यात ठेवली.

मग चित्र दाखवलं. झूल पांघरलेला कोले बसव (दारोदार फिरणारा नंदीबैल). पाय लाकडी कपाटाचे, पोटात उघडं दार, आत न पेटलेली चूल. मान इतकी लांब, की जमिनीवर तिचं वेटोळं पडलेलं. कॉलेजात आम्हाला अतिवास्तववादी चित्रांबद्दल शिकवलं होतं, की त्यातलं जनावर पुष्कळदा चित्रकार स्वतःच असतो.

"हा कोण, आत्या?"

"मीच की. दादानं विचारलं, चित्रकलेच्या शाळेत नाही गेलीस तर चालेल ना? मी मान हलवली. स्थळ आलं, हलवली. पंचावन्नाची झाले, अजून हलतेय." ती हसली. "उद्या कुणी ओळखलं ना, तरी पुष्कळ."

तिथल्या मराठी मंडळानं प्रदर्शन आणि चैत्रातलं हळदीकुंकू एकाच दुपारी, एकाच हॉलमध्ये ठेवलं होतं. करंडे बायकांच्या हातातच होते. माझ्यामागच्या त्या बाईनं पुढे होऊन पुरत्या न वाळलेल्या रंगावर, बैलाच्या कपाळी, कुंकू टेकवलं. दुसरीनं हळद लावून हात जोडले.

"झकास नंदी काढलास, अक्का! शंकराच्या देवळात देऊन टाक."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. तिथं मला एकटीलाच ठाऊक होतं. मी पन्ह्याच्या पेल्यात बघत राहिले. आत्या त्यांच्याकडे वळली.

"सरी (बरं), देते की," म्हणत तिनं मान हलवली.

परतीच्या गाडीत मी ते न बोललेलं वाक्य रात्रभर जुळवत होते; आधी इंग्रजीत, मग मराठीत. तिथं ते कुणालाही समजलं असतं, इतकं साधं होतं.

घरी बाबा चहा गाळत होते. "शालूचा एसटीडी बूथवरून फोन आला होता. नंदी काढला होता म्हणे, देवळाला दिला. चांगलं केलं."

"नंदी नाही, बाबा," मी म्हणाले. "आत्या आहे ती. तुम्ही विचारलंत तेव्हा हलवलेली मान आहे."