मागणी निरंक

मी एक खोटा कागद लिहिला होता. बारा वर्षे ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. पत्नीलाही नाही. त्या कागदासाठी मी पैसे घेतले नव्हते. कोणी मला धमकावलेही नव्हते. म्हणूनच सांगणे अधिक अवघड होते.

मी नाशिकमध्ये एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. तेव्हा वसतिगृहांचे टेबल माझ्याकडे होते. डिसेंबरमध्ये पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी बैठक भरली. लांब टेबल, चहा, बिस्किटे, पडद्यावर आकडे. मागासवर्गीय मुलींसाठी शहरात दुसरे वसतिगृह भाड्याच्या इमारतीत सुरू करावे, असा प्रस्ताव होता. पहिल्या वसतिगृहात एकही जागा शिल्लक नव्हती. प्रस्ताव मीच तयार केला होता, अगदी मन लावून. साहेबांनी तो चाळला, चष्मा काढला आणि भिंतीलगतच्या खुर्चीवर बसलेल्या माझ्याकडे पाहिले.

“उभा राहा रे जरा.”

मी उभा राहिलो. चव्वेचाळीस वर्षांचा होतो.

“हे आपल्याकडचं चालतंबोलतं उदाहरण,” साहेब सगळ्यांना म्हणाले. “सरकारी वसतिगृहात राहिला, सरकारी जेवला, सरकारी नोकरीला लागला. आता पोरं शिष्यवृत्तीवर. काय रे, खरं ना?”

“हो, साहेब.”

“मग तूच सांग. तुझ्यासारख्या सगळ्यांना असं पोसत बसायचं म्हटलं, तर परवडेल का सरकारला?”

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, “नाही, साहेब.”

“प्रामाणिक आहे हो!” कोणीतरी म्हणाले.

“याच्या नातवंडांची तरतूद आत्ताच करून ठेवा. मागाहून ओरड नको,” दुसरे म्हणाले.

हशा झाला. मीही हसलो. हे लिहिताना हात थांबतो. पण मी हसलो होतो.

प्रस्ताव बाजूला पडला. पुढचा विषय अधिकाऱ्यांच्या विश्रामगृहाच्या नूतनीकरणाचा होता. नवी फरशी, वातानुकूलन, आवारात कारंजे. चहाचे कप उचलले जाईपर्यंत त्याला मान्यता मिळाली. परवडेल का, असे कोणी विचारले नाही. त्यासाठी कोणाला उभे राहावे लागले नाही.

हे तेव्हाच माझ्या ध्यानात आले होते. ध्यानात आले नव्हते असे म्हणण्याची सोय मला नाही.

दोन दिवसांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावले. आवाज मऊ होता. दुसऱ्या वसतिगृहासाठी किती अर्ज प्रलंबित आहेत, याची माहिती मुंबईला पाठवायची होती. “तिथे हात आखडता घेतलाय. आकडा पाठवला की प्रश्न येतात. मागणी निरंक कळव. तुला समजतं सगळं. तू त्यांच्यातला असलास तरी तसा नाहीस.”

निरंक म्हणजे काही नाही. कोरे. आमच्या कार्यालयात रोज वापरला जाणारा शब्द आहे.

माझ्या कपाटात त्या वेळी पुढच्या वर्षासाठी आगाऊ आलेले एकेचाळीस अर्ज होते. चांदवडकडचे, पेठ-सुरगाण्याकडचे, शहरातल्या वस्त्यांमधले. प्रत्येकावर एक फोटो. मी कपाट उघडलेही नाही. जागेवर येऊन बसलो आणि लिहिले: दुसऱ्या वसतिगृहासाठी मागणी निरंक. खाली सही केली.

का केली, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. नोकरी जाणार नव्हती. बढतीही मिळणार नव्हती. ‘तू तसा नाहीस’ हे वाक्य मला हवे होते. भर बैठकीत ज्यांनी मला खर्च म्हणून उभे केले, त्यांच्याच नजरेत मला काटकसरी ठरायचे होते. त्यासाठी मी एकेचाळीस मुली नसल्याचे लिहून दिले.

जूनमध्ये एक बाई मुलीला घेऊन आल्या. चांदवड तालुक्यातल्या एका खेड्यातून. बाई कांदा निवडायला जात. मुलीचे नाव रेखा. बारावीला विज्ञान शाखेत तालुक्यात वरच्या गुणांनी पास झालेली, नाशिकच्या महाविद्यालयात प्रवेश मिळालेली. बाई टेबलाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “जय भीम, साहेब.”

मी आजूबाजूला पाहिले. मग म्हणालो, “नमस्कार. काय काम आहे?”

बाईंच्या चेहऱ्यावरचे काहीतरी विझले. त्यांनी विचारले, “पोरीचं नाव लागलं का हॉस्टेलात?”

“जागा नाही, मावशी.”

“दुसरं व्हनार व्हतं ना? अर्ज दिला तवा तुमीच बोलले.”

“ते झालं नाही. सरकारकडे पैसा नाही.”

“सरकारकडं नाय? मंग कोनाकडं हाय?”

शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसला. मुलीने आईच्या पदराला ओढ दिली. “चल ना आई. नंबर नाय लागला तर नाय लागला.”

ती जाताना मागे वळून पाहील या भीतीने मी फाइल उघडून बसलो. तिने पाहिले नाही.

पुढे कळले, ती काही महिने गावाहून रोज अप-डाऊन करत होती. पहाटेची एसटी, संध्याकाळी अंधारात घर. प्रात्यक्षिके बुडू लागली. दिवाळीनंतर तिने महाविद्यालय सोडले.

मी स्वतः सरकारी वसतिगृहात सहा वर्षे राहिलो आहे. डाळ पातळ असे, गाद्यांना ढेकूण असत. पण खोलीत दिवा होता आणि महाविद्यालय चालत जाण्याच्या अंतरावर होते. बाकी माझ्यात विशेष काही नव्हते. माझ्यासाठी कोण्या कारकुनाने कधीतरी ‘मागणी आहे’ असे लिहिले असणार. त्याचे नाव मला ठाऊक नाही.

गेल्या हिवाळ्यात मागणी कळवण्याचा तोच नमुना पुन्हा टेबलावर आला. साहेब आता नवे आहेत, तरुण, शिकलेले. मला उभे करत नाहीत, काका म्हणतात.

“काका, यंदा फारच ओढाताण आहे. नव्या योजनांनी तिजोरी रिकामी केलीये. निरंकच कळवू या.”

“सर, अर्ज आहेत.”

“असतील हो. पण परवडत नाही ना.”

“परवडत नसेल तर तसं लिहा, सर. मागणी आहे, आम्हाला परवडत नाही, असं लिहून खाली सही करा. मागणीच नाही असं मी लिहिणार नाही.”

माझा आवाज चढला नव्हता. तो चढत नाही. पण नोकरीत पहिल्यांदा मी वरिष्ठांना नाही म्हणालो होतो. साहेबांनी नमुना स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाले, “बघू.”

आठवड्याभरात माझे टेबल बदलले. आता मी आवक-जावक पाहतो. माझ्या जागी आलेल्या मुलाने दुसऱ्याच दिवशी निरंक कळवले. त्याला दोष कसा देऊ? त्याच्या वयात मीही तेच केले असते. त्याच्यापेक्षा मोठ्या वयात केलेच.

“दोन वर्षं राहिलीत तुमची,” जेवणाच्या सुट्टीत सहकारी म्हणाला. “काय मिळालं? वसतिगृह झालं का?”

“नाही.”

“होणारे का?”

“नाही.”

तो डबा पुसू लागला.

सरकारला काय परवडते आणि काय नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित खरोखरच परवडत नसेल. सिंहस्थासाठी शहरभर रस्ते खोदलेले दिसतात, तिथे तो प्रश्न कोणी विचारताना मी ऐकला नाही. पण तिजोरी मी पाहिलेली नाही. मला एवढेच ठाऊक आहे की दुसऱ्या वसतिगृहाबाबत तो प्रश्न मुंबईपर्यंत कधी पोहोचलाच नाही. नकार द्यायलासुद्धा समोर माणूस लागतो. त्या मुली समोर येऊच नयेत, याची व्यवस्था मी केली होती.

रेखा कुठे आहे, हे मला दोन वर्षांपासून माहीत होते. द्वारका चौकाजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचे एक दुकान आहे, तिथे ती संगणकावर बसते. ती दिसली की मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जात असे. टेबल गेल्यानंतरच्या शनिवारी दुपारी मी ओलांडला नाही.

दुकानापुढे सात-आठ बायका कागद घेऊन उभ्या होत्या. कसल्याशा योजनेची मुदत संपत आली होती. रेखा एकीला म्हणत होती, “आजी, अंगठा घट्ट दाबा. सरकारला तुमची वळख पटंना झाली.” बायका हसत होत्या. मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा तिने वर न पाहता हात पुढे केला. “आधार?”

“कागद नाही आणला. बोलायचं होतं.”

तिने वर पाहिले. ओळखायला तिला वेळ लागला नाही.

“तुम्ही त्या ऑफिसातले.”

“हो. आई कशा आहेत?”

“वारली. तीन वर्षं झाली.”

मी जे ठरवून आलो होतो त्यातले अर्धे तिथेच संपले. मग हळू आवाजात सांगू लागलो. बैठक, नमुना, माझी सही. तिने मध्ये तोडले नाही. शेवटी म्हणाली, “म्हणजे मार्कांचं काही नव्हतं?”

“काय?”

“मला वाटायचं माझे मार्क कमी पडले. नंबर नाही लागला म्हणजे आपणच कमी. आई मरेपर्यंत म्हणायची, अजून थोडा अभ्यास करायला पायजे होता तू.”

“मार्कांचं काहीच नव्हतं.”

“मग सरकारकडे पैसे नव्हते, ते?”

“मला माहीत नाही. मुंबईला कोणी विचारलंच नाही.”

मागून एक बाई म्हणाली, “ओ भाऊ, आवरा ना. साइट बंद पडंल.”

रेखा त्या बाईकडे वळली. “थांबा जरा, मावशी.” मग माझ्याकडे. “माफी मागायला आलात ना? मग कानात काय सांगता? मोठ्यानं सांगा. यांना पण ऐकू द्या. या पण अर्जच भरतायत.”

ती माफ करणार नव्हती, हे तिच्या तोंडावर स्पष्ट होते. तिने करावे असे मला वाटतही नव्हते. मी रांगेकडे तोंड करून उभा राहिलो. या वेळी मला कोणी उभे केले नव्हते. बोललो ते असे:

“मी सरकारी कारकून आहे. या मुलीचा अर्ज माझ्या कपाटात होता, आणि मुंबईला मी लिहून कळवलं की अर्ज कोणाचाच नाही. तिच्यासारख्या एकेचाळीस जणींना मी असं पुसलं. मी स्वतः सरकारच्या वसतिगृहात राहून शिकलो आणि साहेबांना बरं वाटावं म्हणून हे केलं. जिथे कोणी विचारेल तिथे मी हे नाव घालून, सही करून लिहून देईन. कोणी विचारलं नाही तरी देईन. रेखाताई, तुमचे मार्क कमी नव्हते. तुमच्या आईला मी नमस्कार म्हणालो, जय भीम म्हणायला लाजलो. माझं चुकलं. मी तुमची माफी मागतो.”