कोटाच्या अस्तरातल्या सहा गोळ्या

गल्लीत त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. 'बेमालूम' हेच त्यांचं नाव. पोरंटोरं बेमालूमकाका म्हणतात, बरोबरीचे नुसतं बेमालूम. काम रफूचं. जिन्याखालच्या कोनाड्यात त्यांचं दुकान, म्हणजे एक खुर्ची, एक दिवा, एक भिंग आणि सुयांचा डबा. सिगारेटने जळलेला कोट, खिळ्याला अडकून फाटलेली पँट, उंदराने कुरतडलेली शाल असं काहीबाही घेऊन माणसं येतात आणि चार दिवसांनी तोच कपडा उलटासुलटा करून विचारतात, "भोक होतं कुठं?" एवढं ऐकलं की बेमालूमांचं पोट भरतं. मग जेवायला बोलवायला बायकोला तीनदा खाली यावं लागतं.

बायकोची तऱ्हा वेगळी. बाई बिस्किटांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं पट्ट्यावरची पाकिटं तपासत होत्या. त्या निवृत्त झाल्या, त्यांची नजर काही झाली नाही. कचऱ्याच्या डब्यात काय पडलं, नवऱ्याच्या खिशातून काय निघालं, समोरच्या खिडकीत पडदा कधी ओढला गेला, सगळं त्या तपासतात. नवऱ्याचं सगळं कसब लपवण्यात, बायकोचं हुडकण्यात. चौतीस वर्षं हा संसार कसा टिकला, याचं गल्लीला आजही नवल वाटतं.

बेमालूमांच्या पोटात गाठ निघाली, तीही बाईंनीच हुडकली म्हणायची. नवऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलेलं त्यांना दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. मग तपासण्या झाल्या, आणि दर तीन आठवड्यांनी केमो घ्यायची असं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. "आदल्या दिवशी सकाळी दोन, संध्याकाळी दोन, आणि त्या दिवशी नाश्त्यानंतर दोन. ह्या बारीक पांढऱ्या गोळ्या विसरायच्या नाहीत. मोठं औषध आत गेलं की कधी कधी अंग त्याच्यावर उसळतं. ते उसळू नये म्हणून ह्या." बाई वहीत लिहून घेत होत्या. बेमालूम डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटाच्या कोपराकडे बघत होते. तिथे कुणीतरी फार वाईट टाके घातले होते.

पहिली केमो निर्विघ्न पार पडली. उलटी नाही, मळमळ नाही. बेमालूम घरी येऊन दोन वाट्या भात जेवले. त्रास झाला तो भलतीकडेच. बारीक गोळ्यांनी झोप उडाली, अंगात नुसती घाई भरली आणि बोटं थरथरायला लागली. फार नाही, पण रफूच्या कामात केसाएवढं म्हणजे फार. त्याच आठवड्यात एक वकीलबाई आपला काळा कोट न्यायला आल्या. त्यांनी बाहीवरून हात फिरवला आणि अगदी सहज विचारलं, "काका, इथे काही शिवलंय का?"

रफूच्या एकतीस वर्षांत हे पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. वकीलबाई गेल्यावर बेमालूमांनी दिवा लावला, हात दिव्याखाली धरला आणि बराच वेळ बघत बसले. गाठीचं नाव ऐकून माणूस घाबरला नव्हता. ती आत होती, दिसत नव्हती, आणि न दिसणाऱ्या गोष्टींशी त्यांचं जमायचं. पण हात गेले तर काय राहिलं? 

त्या खुर्चीत बसून त्यांनी हिशेब मांडला तो असा. मोठं औषध आजारावर आहे, ते घेतलंच पाहिजे. बारीक गोळ्या त्रास होऊ नये म्हणून. आपल्याला त्रास झालाच नाही. जो कपडा फाटलाच नाही, त्याला रफू कशाला? उलटीची गोळी वेगळी दिलीय, ती तेवढी घेऊ, गिऱ्हाइकाच्या कपड्यावर काही व्हायला नको. बारीक गोळ्यांना रामराम.

त्रास झाला नाही तो त्या गोळ्यांमुळेच, हे त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

आता अडचण एकच होती, ती म्हणजे बाई. गोळ्यांची पट्टी त्या रोज उजेडात धरून बघणार, रिकामे खळगे मोजणार. कचऱ्यात टाकल्या तर सापडणार, खिशात ठेवल्या तर धुण्याआधी खिसे उलटे होणार. शिवाय औषध फेकायचा बेमालूमांना धीर नव्हता. मग रफूवाल्याला जे सुचायचं तेच सुचलं. दुसऱ्या केमोच्या आदल्या दिवशी सकाळी बाईंच्या देखत गोळ्या तोंडाकडे नेल्या, तळहातात ठेवल्या, मान वर करून घटाघटा पाणी प्यायले. "झालं?" बाईंनी विचारलं. "झालं," म्हणाले. दुकानात जाऊन आपल्या जुन्या कोटाचं अस्तर खालच्या काठाशी उसवलं, दोन गोळ्या आत सरकवल्या आणि पुन्हा शिवून टाकलं. संध्याकाळी तेच. दवाखान्याच्या दिवशी नाश्त्यानंतरच्या दोन, बाई अंघोळीला गेल्यावर, चार टाक्यांत आत गेल्या. हात लावून पाहिला. टाका कुठे आहे ते कळत नव्हतं. फार दिवसांनी इतकं सुरेख काम झालं होतं, आणि दाखवायला कुणी नव्हतं.

दवाखान्यातल्या त्या मोठ्या खोलीत आरामखुर्च्यांची रांग होती, आणि गारवा असा की सगळे स्वेटर-कोट घालून बसलेले. बेमालूमांनीही तोच जुना कोट खांद्यांवर टाकला होता. नातेवाईक बाहेर बाकावर. सिस्टर वही घेऊन आल्या. "गोळ्या घेतल्या ना? सहाही?"

"हो तर."

त्यांनी खूण केली, डाव्या हाताला सुई लावली आणि एक लहान पिशवी वर अडकवली. "ही उलटीची. अर्ध्या तासात संपेल. मग मोठी लावते."

शेजारच्या खुर्चीत एक आडदांड बस ड्रायव्हर होते. त्यांची मोठी पिशवी नुकतीच सुरू झाली होती आणि तोंड त्याआधीपासून. बेमालूमांचं काम काय ते त्यांनी विचारून घेतलं.

"रफू करता? मग आमच्या साहेबांच्या तोंडाला करा की. एकदा उघडलं की मिटत नाही."

"मी कापडावर करतो. कातड्यावर नाही."

"कातडं जाड आहे हो त्यांचं, सुई मोडेल म्हणून घाबरता होय? एकदा काय झालं, मी डेपोत गाडी लावतोय, आणि हे साहेब—"

वाक्य तिथेच थांबलं. ड्रायव्हरांचा चेहरा विटेसारखा लाल झाला. त्यांनी एक हात छातीवर ठेवला, दुसऱ्याने पाठ धरली, आणि तोंड उघडं ठेवून श्वास शोधू लागले. सिस्टर धावल्या. एकीने नळीची चिमटी बंद केली, दुसरीने नाकातोंडावर मास्क लावला, तिसरीने सुईतून काहीतरी सोडलं. कुणी ओरडलं नाही. त्या शांतपणाचीच भीती वाटली. बेमालूम खुर्चीत आक्रसून बसले. त्या उघड्या तोंडातून येणारी शिट्टी त्यांच्या कानात घुसत होती.

दहा-बारा मिनिटांनी ड्रायव्हरांचा रंग परतला. मोठ्या सिस्टरांनी त्यांचा घाम पुसला. "गोळ्या सगळ्या घेतल्या होत्या ना तुम्ही?"

ड्रायव्हरांनी मास्कच्या आतून मान हलवली. सगळ्या.

"म्हणून एवढ्यावर निभावलं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि दुसऱ्या पेशंटकडे वळल्या.

बेमालूमांनी ते ऐकलं. सगळ्या घेऊन हे. आणि आपण एकही न घेता बसलोय. त्यांनी वर पाहिलं. लहान पिशवी निम्मी झाली होती. थेंब पडत होता, पुन्हा पडत होता. शेजारच्या खांबावर मोठी पिशवी त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून आधीच टांगलेली होती.

सांगून टाकावं. साधी गोष्ट. पण 'हो तर' म्हणून झालं होतं, वहीत खूण झाली होती. सांगितलं तर घरी पाठवतील, केमो चुकेल, गाठ वाढेल. आणि बाहेर बाकावर बाई होत्या. एकतीस वर्षं ज्याने भोक कुणाला दिसू दिलं नाही, त्याने आता स्वतःच बोट दाखवायचं? त्यापेक्षा सोपा उपाय होता. गोळ्या जवळच होत्या. आत्ता गिळल्या तर काहीतरी उपयोग होईलच की.

त्यांनी उजव्या हाताने कोटाचा काठ मांडीवर ओढला आणि टाका शोधू लागले. इथे असेल. नाही. जरा पुढे. नाही. चष्मा बाईंच्या पिशवीत होता. डावा हात सुईने बांधलेला. नख काठावरून या टोकाला जायचं, त्या टोकाला यायचं, आणि कुठे म्हणून अडकायचं नाही. गोळ्या बोटाला लागत होत्या, तांदळाच्या दाण्यांसारख्या, पण टाका सापडेना. काम इतकं चोख झालं होतं की करणाऱ्यालाच दार सापडेना. दातांनी फाडून पाहिलं. त्यांनी शिवलेलं अस्तर होतं ते, दातांना कसली दाद देतंय.

वर पाहिलं. पिशवीच्या तळाशी बोटभर उरलं होतं.

"काका, काय हरवलं?" सिस्टर मोठी पिशवी हातात घेऊन उभ्या होत्या.

"सिस्टर," बेमालूम म्हणाले. आवाज फाटला. "कात्री मिळेल का? बारीक टोकाची?"

"कात्री कशाला?"

त्यांनी कोटाचा काठ पुढे केला. बोलायचं होतं बरंच, निघालं एवढंच, "आत आहेत. सहाही."

सिस्टरांनी काठ चाचपला. एकदा, दोनदा. मग मोठी पिशवी परत खांबावर अडकवली, वही उघडली, केलेल्या खुणेवर काट मारली आणि म्हणाल्या, "हलू नका. काही गिळू नका. मी डॉक्टरांना बोलावते." जाताना त्यांनी कोट काढून घेतला. बेमालूम गार खोलीत सदऱ्यावर बसून कुडकुडत राहिले. ड्रायव्हर मास्क बाजूला करून हळूच म्हणाले, "काका, मी थट्टा करतो म्हणून लोक मला येडा म्हणतात. तुम्ही तर माझ्या पुढचे निघालात."

डॉक्टरीणबाई आल्या. गोळ्या का घेतल्या नाहीत ते त्यांनी बेमालूमांकडून काढून घेतलं. आवाज चढवला नाही, त्याने जास्तच लागलं. "तुम्ही मला सांगितलं असतं, हात थरथरतात म्हणून, तर आपण काहीतरी मार्ग काढला असता. पुढच्या वेळी काढूही. पण ही पिशवी तशीच सुरू झाली असती तर?" उत्तराची वाट न बघता त्यांनी सिस्टरांना सांगितलं की तेच औषध आता शिरेतून द्या, तासभर थांबा, मग मोठं सुरू करा, अगदी हळू, आणि सुरुवातीला जवळ बसून राहा. "आणि यांच्या घरच्यांना आत बोलवा."

बाई आल्या त्या हातात कोट घेऊनच. सिस्टरांनी बाहेर काय सांगितलं कोण जाणे. त्या स्टुलावर बसल्या. काठ उजेडात धरला.

"सहाच्या सहा?"

"हो."

"मी पट्टी दोनदा बघितली."

"माहीत आहे."

"सत्तावीस वर्षं. माझ्या पट्ट्यावरून एक फुटकं पाकीट पुढे गेलं नाही हो." त्यांचा आवाज कापत होता, आणि रागाने नव्हे. "तुम्हाला काही झालं असतं, तर मी लोकांना सांगत बसले असते, यांनी सगळ्या गोळ्या घेतल्या होत्या, मी स्वतः बघितलंय."

वकीलबाईंचं वाक्य बेमालूमांनी बायकोला तेव्हा सांगितलं नव्हतं, ते आता सांगितलं. हात पुढे करून दाखवला. आज गोळ्या नव्हत्या तरी तो थरथरत होता. बाईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत दाबून धरला. 

तासाने सिस्टर आल्या, खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि मोठ्या पिशवीची चिमटी थोडीशी सैल केली. "आता काहीही वाटलं तरी सांगायचं. छातीत, पाठीत, घशात, कुठेही. बारीक वाटलं तरी. मनात ठेवायचं नाही."

पहिला थेंब नळीत उतरला.

"हात गार वाटतोय," बेमालूम लगेच म्हणाले.

"ठीक. आणखी?"

"डावा कान गरम झालाय."

"बरं."

"पाठीला खाज येतेय. खाली, उजवीकडे."

सिस्टर पुढे झुकल्या, सदरा वर करून पाठ बघितली. लाली नव्हती. "ही नेहमी येते का?"

"नेहमी येते," बाई म्हणाल्या. "पण आजवर कधी सांगितली नाही त्यांनी."

चार मिनिटं झाली. ड्रायव्हरांचा श्वास ज्या मिनिटाला अडला होता ती वेळ गेली, पण बेमालूमांचा त्यावर विश्वास बसला नाही. ते श्वास मोजत होते, आत किती, बाहेर किती, मध्ये कुठे अडतो का. पाय बधिर वाटतोय, ते म्हणाले. जीभ जड वाटतेय. छातीत धडधडतंय. सिस्टर प्रत्येक वेळी बघत, नाडी धरत, ठीक म्हणत. शेजारून ड्रायव्हर म्हणाले, "सिस्टर, ह्यांना आता बंद करायचं बटण कुठं असतं?" कुणी हसलं नाही, पण कुणी त्यांना गप्पही केलं नाही.

नवव्या मिनिटाला बेमालूमांनी बायकोचा हात एकदम घट्ट धरला. सिस्टरांचं बोट चिमटीवर गेलं.

"काय होतंय?"

"भीती वाटतेय," बेमालूम म्हणाले.

सिस्टरांनी बोट तिथेच ठेवलं. नाडी बघितली, चेहरा बघितला, ओठ बघितले. "श्वास?"

"येतोय. नुसती भीतीच. फार वाटतेय."

"असू दे," सिस्टर म्हणाल्या. "सांगत राहा."

बाईंनी स्टूल आणखी पुढे सरकवलं. बेमालूम सांगत राहिले.